एक काना

पडद्यावरच्या माणसाने पायाने खुर्ची पुढे ढकलली, दारात उभ्या असलेल्या नव्या माणसाला एकच शब्द सांगितला, आणि त्याच वेळी माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, ‘बस.’ अंधारात माझा आवाज मला फार मोठा वाटला. पुढच्या रांगेतल्या बाई मागे वळल्या. ‘शुं थयुं काका? तबियत सारी नथी? बंध करावुं?’ त्यांना वाटलं, मी ‘पुरे’ म्हणतोय. माझी मुलगी मोहना पाणी आणायला खुर्चीतून अर्धी उठली होती, ती खाली बसली. तिला वाटलं, मी तिला बसायला सांगतोय. एक शब्द दोन बायकांनी दोन तऱ्हेने ऐकला. मला विचाराल तर मी कुठला म्हणालो ते मला अजून सांगता येत नाही. मी त्या बाईंना ‘कंई नथी बेन, सॉरी’ म्हणालो.

रविवारची सकाळ होती. मोहना पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती आणि बुधवारी मला बरोबर घेऊन जाणार होती. बडोद्यातलं, छाणीचं घर बंद करायचं, किल्ली शेजारी ठेवायची, पुढचं पुढे बघू, असं तिने ठरवलं होतं आणि मी हो म्हणालो होतो. तिची आई जाऊन आठ महिने झाले होते. मी घरातून बाहेर पडत नाही म्हणून तिने कुठल्याशा फिल्म क्लबचा खेळ शोधून काढला. कॉलेजच्या हॉलमध्ये, फुकट, जुना गाजलेला इंग्रजी सिनेमा. ‘थ्रिलर आहे बाबा, तुला झोप नाही येणार,’ ती म्हणाली. मी खुनाची वाट बघत बसलो. खून झालाच नाही. एक सरकारी माणूस जमीन मोजायला निघतो, त्याच्या गाडीचा अ‍ॅक्सल तुटतो आणि तो पत्र्याच्या घरांच्या एका वस्तीत अडकतो. चारी बाजूंना लाल माती, ऊन, माश्या. तिथे सगळे पुरुषच. फार चांगली माणसं. कोणी त्याला मारत नाही, धमकी देत नाही. फक्त त्याच्या पुढ्यात ग्लास ठेवतात, आणि तो नको म्हणाला की त्यांना वाईट वाटतं. एवढंच. तिसऱ्या दिवशी त्याला वार आठवत नाही. पुढे त्याची मापांची वही चूल पेटवायला जाते आणि तोही सगळ्यांबरोबर हसतो. सरतेशेवटी दुसऱ्या कुणाची गाडी बंद पडते, तो नवा माणूस दारात येतो, आणि खुर्ची ढकलणारा पाय आपल्या ह्या माणसाचा असतो. तिथवर मला त्याची दया येत होती. मी म्हणत होतो, बिचारा, माझ्यासारखाच. मग तो पाय बघितला. पाय माझाच होता.

गुजरातेत दारूबंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून इथे पिणारा माणूस दिसत नाही, तो बसतो. ‘शनिवारी बसायचं का?’ एवढं म्हटलं की पुरे. मी जळगावकडचा, एकोणीसशे ब्याऐंशीत कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि बडोद्यात राहिलो. पंपांचं काम. पंप चालू असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. बेअरिंग अजून महिना काढेल की आठवडा, हे मी आवाजावरून सांगत असे आणि सहसा चुकत नसे. साहेब लोक मला हाका मारून न्यायचे. कामावर मला मान होता, पण कामानंतर मान वेगळ्या गोष्टीला होता. जो बसत नाही तो आपल्यातला नाही. माझा दोस्त सुभाष मला पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा म्हणाला, ‘गोव्या, तू खानदेशी ना? मग चहा काय पितोस?’ सगळे हसले आणि मी ग्लास उचलला. चव मला कधीच आवडली नाही. ही गोष्ट मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. आवडली असती तर निदान काही कारण तरी होतं.

चारुलता बडोद्याचीच. तिचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, घरात सगळे एकमेकांशी आदराने बोलायचे, आणि ती मराठी शाळेत मराठी शिकवायची. लग्न झाल्यावर आठवडाभर मला वाटायचं, ही माझ्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाशी बोलते आहे. अहो, या, बसा, घ्या. आमच्याकडे माझी आई बापाला नुसतं ‘ओ’ म्हणायची. सुभाष घरी जेवायला आला की गंमत करायचा. ‘वहिनी, तुमच्या घरात झुरळालासुद्धा बाहेर चला म्हणतात का हो?’ ती म्हणायची, ‘झुरळाला नाही भावजी. पाहुण्यांना म्हणते, पण त्यांना कळत नाही.’ रविवारी ती वह्या तपासायची. लाल पेनाने गोल करायची आणि समासात लिहायची, ‘काना विसरलास.’ मी एकदा विचारलं, एका कान्याने एवढं काय होतं? ती म्हणाली, ‘अहो, एका काठीने मार चा मारा होतो. तुमच्या पंपात एक बोल्ट राहिला तर चालतो का?’ चालत नाही, हे मला माहीत होतं.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात शटडाऊनचं दुरुस्तीकाम संपलं, त्या शनिवारी विक्रमसिंह नावाचा आमचा एक लेबर कॉन्ट्रॅक्टर आम्हाला त्याच्या शेतावर घेऊन गेला. कवांटच्या पुढे, डोंगरांच्या अलीकडे. जीपने पाच तास लागले. शेवटचा तासभर रस्ता असा नव्हताच, नदीची कोरडी वाळू होती. विहीर, एक खोली, एक मोठं मोहाचं झाड, आणि बाकी उजाड. तिथे बंदी नव्हती असं नाही, पण तिथे बंदी सांगायला कोणी नव्हतं. आम्ही पाच जण होतो. त्यात स्टोअरकीपर तुकोजीराव होता. चाळिशीचा, हडकुळा, गळ्यात माळ. कधी बसला नव्हता. त्याला सुभाषने हुरड्यासारखं काही आहे असं सांगून आणलं होतं, मे महिन्यात हुरडा कुठला हे त्याच्या लक्षात आलं नाही. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला, उन्हात, झाडाखाली खाटा टाकल्या होत्या आणि मोहाची दारू पितळेच्या लोट्यात आली. विक्रमसिंह फार प्रेमाने बोलत होता. ‘बेसो ने, तुकोजीराव. मारा घरे आव्या छो. पीवुं तो पडशे.’ तुकोजीराव हात जोडून उभा. ‘नको साहेब, माळ आहे.’ ‘माळ गळ्यात आहे, घशात नाही,’ सुभाष म्हणाला. सगळे हसले. विक्रमसिंहने माझ्याकडे बघितलं. ‘गोविंदभाई, तमारो मराठी छे. मरद छो के नहीं? बेसाडो एने.’ आणि मी उठलो. मला कोणी हाताला धरून उठवलं नव्हतं. मी त्याच्या मागे गेलो, त्याचे दोन्ही खांदे धरले, खाली दाबले आणि म्हणालो, ‘बस.’

तो बसला. सुभाषने त्याचं नाक धरलं, लोटा तोंडाला लावला, आणि घोट आत गेला की तुकोजीराव म्हणत होता, ‘बस, बस.’ पुरे, पुरे. आणि मी वरून म्हणत होतो, ‘बस, बस.’ खाली बस. हे लक्षात आलं तेव्हा सुभाष वाळूत लोळून हसला. ‘ऐका रे, तो बी बस म्हणतो, हा बी बस म्हणतो, भांडण कशाचं?’ मीही हसलो. मला आठवतं, माझ्या हाताखाली त्याची खांद्याची हाडं होती, पंपाच्या कव्हरसारखी गरम, आणि आतून काहीतरी थरथरत होतं. तशी थरथर आली की मी मशीन बंद करायला सांगत असे. त्या दिवशी नाही सांगितलं. माळ तुटली. मणी वाळूत गेले. नंतर तो चार पायांवर होऊन वाळू चाळत बसला आणि एक एक मणी खिशात टाकत राहिला, आणि ओकत राहिला. संध्याकाळी कुणाच्या तरी बैलगाडीत बसून तो निघून गेला. पुढे त्याने दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली. माझ्याशी तो कधी वाईट बोलला नाही. माझ्याशी तो बोललाच नाही.

मी मात्र तिथेच राहिलो. सोमवारी कामावर जायचं होतं, गेलो नाही. मंगळवार पण गेला. काय होत होतं ते मला नीट आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की मला घरी तोंड दाखवायचं नव्हतं आणि तोंड दाखवायचं नाही म्हणून मी आणखी पीत होतो. बुधवारी सकाळी अकरा वाजता मी मोहाच्या मुळांत डोकं ठेवून पडलो होतो. अंगावर मुंग्या होत्या. डोळ्यांपुढे चपला दिसल्या, बाईच्या, धुळीने पांढऱ्या झालेल्या. चारुलता होती. मोहना तेव्हा तीन वर्षांची, तिला माहेरी ठेवून ही बाई एस.टी.ने छोटा उदेपूरला आली, तिथून कवांटला, आणि पुढे भाड्याच्या जीपमध्ये वीस माणसांत कोंबून, आणि शेवटचे दोन मैल चालत. डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत माझा धुतलेला शर्ट होता. खाटांवर सुभाष, विक्रमसिंह, सगळे उठून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून ती म्हणाली, ‘ऊठ.’

उठा नाही. ऊठ.

मी उठलो. तिने शर्ट दिला, मी घातला. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि बोडेलीला तिने माझ्यासाठी लिंबू सरबत घेतलं, ते देताना म्हणाली, ‘घ्या.’ म्हणजे काना परत आला होता. त्यानंतर तीस वर्षं तो जागेवर होता. त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही आणि मीही नाही. कारखान्यात मात्र सुभाषने सगळ्यांना सांगितलं. ‘गोव्याची बायको त्याला अरे म्हणते! मास्तरीणबाईंनी पट्टी नाही आणली हे नशीब.’ कँटीनमध्ये लोक मला बघून ‘ऊठ’ म्हणायचे. मी चिडायचो. मी म्हणायचो, तुम्ही सगळे फुल होता, तुम्हाला काय ऐकू येणार, ती ‘उठा’ म्हणाली. शपथ घ्यायचो. इतक्या वेळा म्हणालो की पाचेक वर्षांत मला खरंच ‘उठा’ ऐकू यायला लागलं. तिचा आवाज, ती धूळ, आणि शेवटी काना. माझ्यासाठी ती तेवढी लांब आली होती आणि त्यातला एकच शब्द मी पुसून टाकला, कारण चार माणसं हसत होती.

लिव्हर तिचं गेलं. हे ऐकून लोक माझ्याकडे बघायचे. डॉक्टर पहिल्याच दिवशी तिला चाचरत विचारत होते, ‘बेन, ड्रिंक वगेरे?’ ती इतकी हसली की तिला ठसका लागला. ‘माझ्या वाटणीची ह्यांनी घेतली,’ ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, न पिणाऱ्यांनाही होतं हल्ली, साखर असली की. तिला साखर होती. बडोद्यातच, अकोट्याच्या बाजूला नदीपलीकडचं हॉस्पिटल, तिसरा मजला, एकोणीस दिवस. खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं, नातेवाइकांसाठी. मी त्यावर कधी बसलो नाही. मी उभा राहायचो. मशीनजवळ बसायची मला सवय नाही, मी सगळ्यांना तसंच सांगायचो. ती म्हणायची, ‘अहो, बसा ना जरा.’ मी म्हणायचो, ‘ठीक आहे गं.’ खरं सांगायचं तर बसलं की तिचा चेहरा समोर यायचा, पिवळा झालेला. उभं राहिलं की केस दिसायचे, सलाइन दिसायचं. नर्स गुजराती होती, चांगली मुलगी. चारुलता दिवसभर तिच्याशी गुजरातीत बोलायची. चमचा तोंडाशी आला की ‘बस, बेन, बस.’ पाणी, ‘बस.’ उशी वर केली, ‘बस, बस.’ शेवटच्या आठवड्यात तिच्या डोक्यात घोळ व्हायला लागला. नर्सला ती ‘आई’ म्हणायची. एकदा मला म्हणाली, ‘वह्या आणल्या का सगळ्यांनी?’ डॉक्टर म्हणाले, हे ह्या आजारात होतं, रक्तातलं विष डोक्यात चढतं.

त्या दिवशी सकाळी नर्सने मला इंजेक्शनची चिठ्ठी दिली होती, संध्याकाळपर्यंत आणून ठेवा म्हणून. चिठ्ठी माझ्या खिशात होती. सव्वाचार वाजले होते, पडद्यातून ऊन येत होतं. सुभाषचा फोन आला. तो अकोट्यातच राहतो, हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटं. आता त्याच्याकडे डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर मिळालेलं दारूचं परमिट आहे, रीतसर. ‘किती दिवस उभा राहणार रे तू? अर्धा तास बसून जा,’ तो म्हणाला. मी फोन खिशात टाकला तेव्हा चारुलतेने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. तिने हात चादरीवरून थोडा उचलला, बोटं माझ्याकडे होती की स्टुलाकडे की नुसतीच हलली, मला माहीत नाही. ती म्हणाली, ‘बस.’

मी ऐकलं. पंपावर कान ठेवून आयुष्य काढलेला माणूस मी, आणि मी ऐकलं ते हे, की पुरे. पुरे झालं, जा आता तुम्ही, दमलात. तिला ‘बसा’ म्हणायचं असतं तर ती ‘बसा’ म्हणाली असती, ती काना विसरणारी बाई नव्हती. मी म्हणालो, ‘येतो हं जरा.’ आणि गेलो.

सुभाषच्या घरी एक नियम आहे. बसलं की सगळ्यांचे फोन फ्रीजवर. म्हणजे बायका मध्ये येत नाहीत, असं तो म्हणतो. माझा फोन फ्रीजवर होता. अर्धा तास म्हणून गेलो, सव्वासहाला उठलो. फोन घेतला तर हॉस्पिटलचे चार कॉल होते, पहिला पाच वाजून बावीस मिनिटांचा. मी परत केला, नर्सने उचलला, आणि ती रडत होती, त्यामुळे तिला काही सांगावं लागलं नाही. सुभाषने माझ्या हातावर बडीशेप ठेवली. तो म्हणाला, ‘आधी चावून घे, गोव्या.’ मी चावून घेतली. जिना उतरलो. रस्त्यात केमिस्टचं दुकान लागलं आणि मी थांबलो. खिशातून चिठ्ठी काढली आणि ते इंजेक्शन घेतलं. ती गेली आहे हे कळल्यावर घेतलं. हातात काहीतरी हवं होतं. वर गेलो तेव्हा माझ्या हातात तो खोका होता, आणि चारुलतेचा भाऊ पुढे आला, त्याने खोक्याकडे बघितलं, मला मिठी मारली आणि सगळ्यांना म्हणाला, ‘इंजेक्शनसाठी वणवण करत होते हो हे.’ मी नाही म्हणालो नाही.

रात्री मोहना पोचली तेव्हा तिलाही हेच कळलं होतं. तेराव्याला ती मला म्हणाली, ‘बाबा, मी नव्हते, पण तू तरी तिच्यासाठी धावत होतास.’ तो खोका तिने टाकू दिला नाही. आमच्या फ्रीजच्या दारात, वरच्या कप्प्यात, आठ महिने आहे. फोनवर बोलताना तिने एक-दोनदा विचारलंय, ‘आहे ना रे ते?’ आहे, मी म्हणतो. फ्रीज उघडला की रोज दिसतो.

सिनेमा संपल्यावर एक दाढीवाला तरुण पुढे येऊन बोलायला लागला, पुरुष म्हणजे काय वगैरे. मोहनाने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही निघालो. रिक्षात ती म्हणाली, ‘सॉरी बाबा. मला वाटलं मारामारी असेल.’ मी म्हणालो, चांगला होता. घरी तिने खिचडी टाकली. जेवताना मी विचारलं, सहज विचारल्यासारखं, ‘तुझी आई मला कधी एकेरीत बोलली असेल का गं?’

ती हसायला लागली. ‘आई? तुला? ती शेजारच्या मांजराला बसा म्हणायची.’

‘तू तर मला अरे म्हणतेस.’

‘त्यावरून मी मार खाल्लाय. तूच मध्ये पडलास, म्हणू दे म्हणालास.’ मग ती थांबली. ‘का रे? असं का विचारतोस?’

टेबलावर माझा फोन वाजला. सुभाष. तो हल्ली रविवारी फोन करतो, एकटं वाटत असेल म्हणून. मोहनाने तो माझ्याआधी उचलला, स्पीकरवर टाकला. ‘काका, मोहना बोलतेय.’

‘अरे वा, आलीस का बेटा? केम छे? बापाला म्हणावं, पुण्याला पळवून नेण्याआधी एकदा बसू. चार वाजता ये म्हणावं. तिकडे काय, वरणभातच आहे आता त्याला.’

‘सांगते,’ ती म्हणाली, आणि ठेवून दिला. ‘जायचंय तर जा बाबा. माझ्यापासून चोरून नको जाऊस. ह्या वयात मी काय बोलणार तुला?’

मी उठलो, फ्रीज उघडला आणि तो खोका काढला. पुठ्ठ्याला ओल लागून कडा मऊ झाल्या होत्या. केमिस्टने त्यावर बिल रबराने लावलं होतं, ते तसंच होतं. मी ते तिच्यापुढे ठेवलं.

‘बिल वाच,’ मी म्हणालो. ‘वेळ वाच त्यावरची.’

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग बिल उजेडात धरलं. सहा वाजून चौतीस मिनिटं. शाई पुसट झाली होती पण आकडे दिसत होते. तिने पुन्हा वाचलं. हॉस्पिटलने दिलेल्या तिच्या आईच्या मृत्यूच्या दाखल्यावरची वेळ तिला पाठ आहे, तिनेच तो दाखला कचेरीत दिला होता. मी तिला बोलू दिलं नाही. ती बोलली असती तर मी थांबलो असतो. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो आणि सांगितलं. सुभाषकडे होतो. फोन फ्रीजवर होता. बडीशेप खाल्ली. नंतर घेतलं हे. मग मी मागे गेलो आणि कवांटचं सांगितलं, तुकोजीरावचे खांदे सांगितले, माळेचे मणी सांगितले, आणि तिची आई दोन मैल चालत आली होती आणि ‘ऊठ’ म्हणाली होती हे सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी तो शब्द होता तसा उच्चारला. आणि मग सांगितलं की हॉस्पिटलमध्ये ती मला ‘बस’ म्हणाली, आणि मी पुरे असं ऐकलं, कारण ती मला कधीच अरे म्हणत नाही असं मी ठरवून टाकलं होतं. ‘तू सांग मला,’ मी म्हणालो. ‘तुझं मराठी तिच्यासारखं आहे. ती नर्सशी बोलायची तशी बोलली का? की डोक्यात घोळ होता? की मला म्हणाली, बस इथे? म्हणजे मी मोहाखाली पडलो होतो तेव्हा म्हणाली तसं. मी तेव्हा उठलो होतो गं, लगेच उठलो होतो. ती म्हणाली असती तर मी बसलो असतो. पण मला ऐकू—’

मोहनाने दोन्ही हातांत ते बिल चुरगळलं होतं. तिची मान खाली होती आणि खांदे हलत होते, आणि मला ते खांदे बघवेनात, कारण तसे खांदे मी एकदा हाताखाली धरले आहेत. बाहेर सोसायटीत कोणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ती उठेल, बॅग भरेल आणि उद्याच्या गाडीने एकटी जाईल, आणि ते बरोबरच होईल. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

तिने हात वर केला. माझ्याकडे न बघता.

‘बस,’ ती म्हणाली.

तिच्यासमोर आईची खुर्ची होती, वह्या तपासायची, उंच पाठीची. आठ महिने तिच्यावर इस्त्रीचे कपडे होते. ती पुरे म्हणाली का खाली बस म्हणाली, हे मी विचारलं नाही. मी कपडे उचलून खाली ठेवले, खुर्ची ओढली, आणि बसलो. आता तिचा चेहरा समोर होता. मी बघत राहिलो. चार वाजता फोन वाजला, मग पुन्हा वाजला, आणि आम्ही दोघं तिथेच होतो.